पोलादी ड्यूक

इ. स. १७६९ या एकाच वर्षी युरोपात दोन बालके जन्मास आली. एक भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर आणि दुसरे आयर्लंडमधील डब्लिन शहरी. पहिले बालक पुढे फ्रान्सचा सम्राट नेपोलियन म्हणून प्रसिद्धीस आले. दुसऱ्याच्या हातून त्याच सम्राटाचा अखेरचा पराभव व्हावयाचा होता. या दुसऱ्याचे नाव आर्थर वेलस्ली. जग त्यास ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने ओळखते. तो मोठा सेनापती होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु तलवार म्यान केल्यावर तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि तेथे त्याला जी परीक्षा द्यावी लागली ती रणांगणावरील परीक्षेहून अधिक कठीण होती.

त्या काळी आयर्लंडवर इंग्लंडची सत्ता होती. तेथील बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक पंथाचे. परंतु जमीन आणि अधिकार मूठभर प्रॉटेस्टंट घराण्यांच्या हाती एकवटलेले होते. कॅथलिक मनुष्यास पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क नव्हता. आर्थरचा जन्म या सत्ताधारी वर्गातील एका उमराव घराण्यात झाला. त्याचे वडील संगीताचे मोठे जाणकार होते. डब्लिनच्या विद्यापीठात त्यांनी संगीताचे प्राध्यापकपद भूषविले होते. १७८१ साली त्यांचे निधन झाले आणि कुटुंबास पैशाची ओढ लागली. थोरला भाऊ रिचर्ड अत्यंत बुद्धिमान होता. आर्थर मात्र इंग्लंडमधील ईटनच्या शाळेत मागेच राहिला. तो एकलकोंडा होता आणि व्हायोलिन वाजविण्यात त्याचे मन रमे. हा मुलगा काही करून दाखवील अशी आशा त्याच्या आईलाही वाटत नव्हती. अखेरीस त्यास सैन्यात धाडावे असे ठरले. फ्रान्समधील आँझे या गावी एका अश्वविद्यालयात त्याने घोडेस्वारीचे शिक्षण घेतले आणि तेथेच तो उत्तम फ्रेंच शिकला.

१७८७ साली आर्थर सैन्यात दाखल झाला. त्या काळी इंग्रजी सैन्यातील अधिकारपदे पैसे देऊन विकत घेता येत. भावाच्या साह्याने आर्थर भराभर वर चढला आणि चोविसाव्या वर्षीच एका पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. मध्यंतरी १७९० साली तो डब्लिनच्या पार्लमेंटमध्ये सभासद म्हणूनही निवडून आला होता. याच सुमारास कॅथरिन पाकनॅम नावाच्या एका उमरावकन्येस त्याने मागणी घातली. परंतु या तरुणास काही भवितव्य नाही असे ठरवून तिच्या घरच्यांनी ती नाकारली. हा नकार आर्थरच्या जिव्हारी लागला. १७९३ साली त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि सैनिकी विद्येचा अभ्यास मन लावून आरंभिला.

पुढच्याच वर्षी फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेवर तो फ्लँडर्समध्ये गेला. ती मोहीम सर्वस्वी फसली. कडाक्याच्या थंडीत शिपायांना पुरेसे कपडे नव्हते, अन्न वेळेवर पोचत नव्हते आणि वरिष्ठ अधिकारी सैन्याकडे फिरकतही नव्हते. शेकडो माणसे शत्रूच्या गोळीने नव्हे, तर उपासमारीने आणि रोगाने दगावली. सैन्य कसे चालवू नये, याचा धडा आर्थरने येथे घेतला. शिपाई शौर्याने लढतो हे खरे. परंतु त्याच्या पोटाची आणि पायांतील जोड्यांची काळजी ज्याने घेतली नाही त्याला त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाही.

१७९७ साली आर्थर आपल्या पलटणीसह कलकत्त्यास येऊन पोचला. प्रवासासाठी त्याने बरोबर पुस्तकांची पेटी घेतली होती. पुढील वर्षी त्याचा भाऊ रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. रिचर्डला ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य वाढवावयाचे होते. १७९९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला. तेथे एका काळोख्या रात्री आर्थरने न पाहिलेल्या जागी हल्ला चढविला. झाडीत त्याचे लोक वाट चुकले, काही शत्रूच्या हाती सापडले आणि त्याला मागे फिरावे लागले. जागेची पाहणी केल्यावाचून रात्री हल्ला करावयाचा नाही, असा निश्चय त्याने त्या दिवसापासून केला. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान लढता लढता धारातीर्थी पडला. त्यानंतर त्या शहराचा कारभार आर्थरकडे आला.

म्हैसूरच्या मुलखात धोंडजी वाघ नावाच्या शूर पुंडाने इंग्रजांस सळो की पळो करून सोडले होते. आर्थरने महिनोगणती त्याचा पाठलाग केला आणि १८०० साली लढाईत धोंडजी मारला गेला. त्याचा लहान मुलगा छावणीत सापडला, तेव्हा आर्थरने त्याला आपल्या आश्रयास ठेवून घेतले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या शिक्षणासाठी पैशाची तरतूद केली. या पाठलागात आर्थर आणखी एक विद्या शिकला. या विस्तीर्ण देशात ज्याचे बैल चांगले त्याचे सैन्य चांगले, हे त्याने ओळखले. म्हैसूरचे चपळ बैल आणि धान्य वाहून नेणारे वंजाऱ्यांचे तांडे यांची व्यवस्था तो स्वतः पाही.

यानंतर त्याची गाठ मराठ्यांशी पडली. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पेशवा पळून वसईस गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले. त्याला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी आर्थर वेलस्ली पुण्यास आला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. आर्थरने प्रथम अहमदनगरची पेठ घेतली आणि चार दिवसांत तेथील बळकट किल्लाही घेतला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावाजवळ त्याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी अचानक गाठ पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारो घोडेस्वार खेळणा नदीच्या पलीकडे तळ देऊन होते. आर्थरची लढाऊ फळी अवघी साडेचार हजारांच्या घरात होती. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी इंग्रज फौज येऊन मिळेपर्यंत थांबावे, तर शत्रू निसटून जाईल किंवा आपणच कोंडीत सापडू, अशी त्याची अडचण होती. त्याने तत्काळ हल्ल्याचा निर्णय घेतला. परंतु नदी ओलांडावयाची कोठे? जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी ठामपणे सांगितले. आर्थरने दुर्बीण लावली. नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर वसलेली त्याला दिसली. दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, त्या अर्थी त्यांच्यामधून जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने बांधले. ते खरे ठरले आणि तेथूनच त्याचे सैन्य पार झाले.

पुढे घनघोर लढाई झाली. शिंद्यांच्या पलटणींनी आपली फळी इतक्या चपळाईने फिरविली की आर्थर चकित झाला. मराठ्यांचे गोलंदाज तोफांजवळच लढत पडले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. आर्थरचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्यास भाला लागला. संध्याकाळपर्यंत रण इंग्रजांच्या हाती आले. परंतु त्यांचे सुमारे १,६०० लोक ठार वा जखमी झाले होते. उतारवयात आपल्या सर्वोत्तम लढाईचे नाव विचारले असता नेपोलियनला जिंकणाऱ्या या सेनापतीने असईचे नाव घेतले. आपल्या पूर्वजांच्या पराक्रमास शत्रूने दिलेली याहून मोठी पावती कोणती?

त्यानंतर अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी भोसल्यांना आणि शिंद्यांना आपला मोठा मुलूख गमवावा लागला. हा पराभव केवळ वेलस्लीच्या कर्तबगारीने झाला नाही. या युद्धात होळकर अलिप्त राहिले आणि पेशवा तर इंग्रजांच्याच पक्षास होता. असईस इंग्रजी निशाणाखाली लढणाऱ्यांतही मद्रासकडील हिंदी शिपायांचाच भरणा अधिक होता. घर दुभंगले असता चतुर शत्रूस त्यात शिरण्यास वेळ लागत नाही.

१८०५ साली आर्थर स्वदेशी निघाला. वाटेत सेंट हेलिना बेटावर ज्या घरात तो उतरला, त्याच घरी दहा वर्षांनी कैदी होऊन आलेल्या नेपोलियनने आपले तेथील पहिले दिवस काढले. दैवाची गती अशी विचित्र असते. इंग्लंडला परतल्यावर आर्थरने १८०६ साली कॅथरिनशीच विवाह केला. त्याच वर्षी तो लंडनच्या पार्लमेंटमध्ये निवडून आला.

या वेळी नेपोलियनच्या पायाखाली बहुतेक युरोप आला होता. १८०८ साली इंग्लंडने आर्थरला पोर्तुगालमध्ये पाठविले. १८०९ मधील तालाव्हेराच्या विजयानंतर त्याला वेलिंग्टन हा किताब मिळाला. परंतु या युद्धातील त्याचे खरे मोठेपण एका माघारीत दिसून आले. फ्रेंचांची प्रचंड फौज पोर्तुगालवर चालून येणार, हे त्याने वर्षभर आधी ओळखले होते. लिस्बन शहराच्या उत्तरेस, समुद्रापासून टॅगस नदीपर्यंत, डोंगरांच्या रांगांवर त्याने गुपचूप शंभराहून अधिक लहान-मोठ्या गढ्यांची तटबंदी उभारली. १८१० साली फ्रेंच सेनापती मासेना चालून आला, तेव्हा वेलिंग्टन लढत लढत मागे सरला आणि या तटबंदीच्या आड गेला. समोर ती अभेद्य फळी पाहून मासेना थक्क झाला. आसपासचा मुलूख उजाड केलेला असल्यामुळे त्याच्या सैन्याची उपासमार होऊ लागली आणि पुढील मार्चमध्ये हजारो माणसे गमावून त्याला परतावे लागले. या डावाची किंमत गरीब पोर्तुगीज शेतकऱ्यांनाही द्यावी लागली. घरेदारे सोडून आलेल्या त्या लोकांपैकी हजारो जण भुकेने व रोगाने मरण पावले. युद्धातील जय कधीही फुकट मिळत नसतो.

१८१२ साली बादाहोसचा किल्ला घेताना वेलिंग्टनची इतकी माणसे पडली की खिंडारापाशी त्यांची प्रेते पाहून या कठोर सेनापतीच्या डोळ्यांत पाणी आले. तथापि जिंकलेल्या शहरात त्याच्याच शिपायांनी भयंकर लूटमार केली आणि त्यांना आवरण्यास त्याला फाशीचा खांब उभारावा लागला. १८१३ मध्ये व्हिटोरियाच्या लढाईत फ्रेंचांचा मोड करून तो फ्रान्समध्ये शिरला. तेथे मात्र लुटीस सक्त मनाई करून, घेतलेल्या दाणावैरणीचे पैसे चुकते करण्याचा त्याने शिरस्ता ठेवला. ज्या मुलखातून आपले सैन्य जाते तेथील शेतकरी चिडला, तर शत्रू दुप्पट होतो, हे त्याने जाणले होते. १८१४ साली नेपोलियन पदच्युत झाला आणि वेलिंग्टनला ड्यूक ही पदवी मिळाली.

परंतु पुढच्याच वर्षी नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि पुन्हा फ्रान्सच्या गादीवर बसला. १८ जून १८१५ रोजी बेल्जममधील वॉटर्लूजवळ दोघे समोरासमोर आले. वेलिंग्टनजवळ सुमारे ६८,००० सैन्य होते. त्यात इंग्रजांबरोबर डच, बेल्जियन आणि जर्मन लोकही होते. नेपोलियनचे सैन्य ७२,००० च्या वर होते. वेलिंग्टनने आपले बरेचसे सैन्य टेकडीच्या पाठीमागील उतारावर ठेवले, त्यामुळे फ्रेंच तोफांच्या माऱ्यापासून त्याचा पुष्कळसा बचाव झाला. दिवसभर फ्रेंचांचे हल्ल्यांवर हल्ले झाले. वेलिंग्टन घोड्यावर बसून, जेथे फळी डळमळू लागे तेथे स्वतः जात होता. दोनच दिवसांपूर्वी पराभूत झालेला बहात्तर वर्षांचा प्रशियन सेनापती ब्ल्यूखर दिलेल्या वचनाप्रमाणे सायंकाळी मदतीस धावून आला आणि नेपोलियनची अखेर झाली. या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५०,००० लोक ठार वा जखमी झाले. त्या रात्री वेलिंग्टनने आपला बिछाना मरणोन्मुख सहाय्यकास दिला आणि स्वतः जमिनीवर झोपला. पहाटे वैद्याने मृतांची यादी वाचून दाखविली, तेव्हा त्याच्या धुळीने माखलेल्या गालांवरून अश्रू ओघळले. ही आपली अखेरची लढाई ठरो, अशी त्याची इच्छा होती आणि ती तशीच ठरली.

यानंतर वेलिंग्टन राजकारणात शिरला आणि १८२८ साली इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याची मते जुन्या वळणाची होती. सत्ता उमरावांच्या हाती असावी आणि राज्यघटनेत बदल होऊ नये, असे त्याला वाटे. परंतु त्याच वर्षी त्याच्या जन्मभूमीने त्याच्यापुढे बिकट प्रश्न उभा केला. डॅनियल ओकॉनेल या आयर्लंडच्या लोकप्रिय कॅथलिक पुढाऱ्यास क्लेअर परगण्यातील मतदारांनी पार्लमेंटसाठी निवडून दिले. कायद्याप्रमाणे कॅथलिक मनुष्य सभागृहात बसू शकत नव्हता. ओकॉनेलला दार बंद केले, तर आयर्लंडमध्ये बंड होण्याची भीती होती. दार उघडले, तर स्वतःचा पक्ष आणि राजा दोघेही उलटणार होते.

वेलिंग्टनने रणांगणावर करी त्याप्रमाणे परिस्थितीची नीट पाहणी केली. ज्याने उभे आयुष्य युद्धात घालविले होते त्याला यादवी युद्ध म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. त्याच्या फौजांत आयर्लंडच्या कितीतरी कॅथलिक शिपायांनी रक्त सांडले होते, हेही त्याला ठाऊक होते. कॅथलिकांना हक्क द्यावयाचाच, असा निश्चय त्याने केला. राजा चौथा जॉर्ज याने संमती देऊन ऐनवेळी मागे घेतली, तेव्हा मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राजाला नमावे लागले. जुने मित्र वेलिंग्टनला विश्वासघातकी म्हणू लागले. विंचिल्सी नावाच्या उमरावाने तर त्याच्यावर असे आरोप केले की, मार्च १८२९ मध्ये वेलिंग्टनने त्याला पिस्तुलाच्या द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. वेलिंग्टनने बाजूला गोळी झाडली, विंचिल्सीने हवेत बार काढून क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले. देशाच्या पंतप्रधानास हे वर्तन शोभणारे नव्हते; परंतु त्या दिवसांत वातावरण किती तापले होते, हे त्यावरून कळते. एप्रिल १८२९ मध्ये कायदा मंजूर झाला. तो देतानाही सरकारने एका हाताने काढून घेतले. मतदानाची अट वाढविल्यामुळे आयर्लंडमधील अनेक गरीब शेतकऱ्यांचा मताधिकार गेला. तथापि पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेले दार उघडले आणि रक्तपात टळला.

दुसऱ्या प्रसंगी मात्र वेलिंग्टनची नजर चुकली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांसारख्या मोठ्या औद्योगिक शहरांना पार्लमेंटमध्ये स्वतंत्र प्रतिनिधी नव्हते आणि ओसाड पडलेली खेडी मात्र दोन दोन सभासद पाठवीत होती. ही रीत सुधारावी अशी लोकांची मागणी होती. १८३० च्या नोव्हेंबरमध्ये वेलिंग्टनने आहे ती व्यवस्था उत्तम आहे असे सांगून सुधारणेस साफ नकार दिला. दोन आठवड्यांत त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. ज्या लंडनने त्याला डोक्यावर घेतले होते तेथील जमावाने १८३१ साली त्याच्या घराच्या खिडक्या दगडांनी फोडल्या. त्या वेळी घरात त्याच्या पत्नीचे शव ठेवलेले होते. पुढे त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसविल्या. पोलादी ड्यूक हे त्याचे नाव त्याच्या निग्रहामुळे रूढ झाले. परंतु लोक त्याचा संबंध या झडपांशीही जोडीत. अखेरीस १८३२ साली सुधारणेस आता अडवून धरण्यात धोका आहे हे त्याला उमगले. तो आपल्या अनुयायांसह उमरावसभेतील मतदानापासून दूर राहिला आणि कायदा मंजूर झाला.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ सुरू झाला. परदेशी धान्यावरील जकात रद्द करण्याचे पंतप्रधान पील याने ठरविले. ही जकात राहावी असे वेलिंग्टनचे स्वतःचे मत होते. तरीही सरकार मोडून पडू नये म्हणून १८४६ साली त्याने उमरावसभेतील आपले सर्व वजन खर्चून ते विधेयक संमत करून घेतले. दुष्काळ त्यामुळे हटला नाही, सुमारे १० लाख लोक त्यात मेले. परंतु स्वस्त धान्याची वाट मोकळी झाली.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वेलिंग्टनचे निधन झाले. नोव्हेंबरमध्ये लंडन येथील सेंट पॉलच्या मंदिरात त्याचे दफन झाले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लाखो लोक उभे होते. एकेकाळी त्याच्या खिडक्या फोडणाऱ्यांपैकीही काही जण त्या गर्दीत असतील.

वेलिंग्टन आमच्या देशात जेता म्हणून आला होता आणि सामान्य जनतेच्या हाती सत्ता जावी असे त्याला कधी वाटले नाही. या गोष्टी विसरून त्याचे चरित्र वाचणे योग्य होणार नाही. परंतु पुढे सरावयाचे कोठे आणि मागे सरावयाचे केव्हा, हे ओळखण्याची दृष्टी त्याच्याजवळ होती. आणि मागे सरणे आवश्यक आहे असे पटल्यावर लोकनिंदेला न भिता तसे करण्याचे धैर्यही त्याच्याजवळ होते. शत्रूपुढे छाती काढून उभे राहणारे वीर इतिहासात पुष्कळ आढळतात. स्वतःच्या हट्टापुढे देशाचे हित मोठे मानून पाऊल मागे घेणारे थोडे. ज्या ज्या वेळी वेलिंग्टनने हे केले त्या त्या वेळी तो वॉटर्लूच्या वेलिंग्टनहून मोठा ठरला.